मोठे पोटाला, बारके बियाण्याला

२४ फेब्रुवारी

वन्सं,

देवाच्या कृपेने तुम्ही सगळी खुशाल असाल. आमच्या तब्येती बऱ्या आहेत, त्याखेरीज बरं काही नाही, म्हणून सकाळची कामं आवरून मुद्दाम लिहायला बसले आहे. हे पत्र घरात मोठ्याने वाचू नका.

काल बटाटा काढून संपला. आमच्या वाट्याच्या तुकड्यात बेचाळीस ओळी. निघाल्या एकोणीस पाट्या, आणि त्यातल्या बारा पाट्यांत लिंबाहून मोठा बटाटा नाही. भिंतीपलीकडे धाकटीच्या तुकड्यातही बेचाळीसच ओळी. तिच्या अंगणात ढीग एवढा, की धाकटे भाऊजी पलीकडे बसले तर त्यांचं नुसतं डोकं दिसतं.

आई गेल्या त्याला चार वर्षं झाली. महिन्याभरात घरात भिंत घातली आणि त्यांचं बियाणं दोघींत वाटलं. एक पाटी इकडे, एक तिकडे, असं करत सगळं मीच मोजलं होतं. जमीन एका बांधाची, पाणी एका पाटाचं, खत एकाच उकिरड्याचं. मग एकाच आईची दोन लेकरं, एक पैलवान आणि एक पाप्याचं पितर, हे कसं होतं ते मला सांगा. पहिल्या वर्षी वाटलं, दैव. दुसऱ्या वर्षी वाटलं, हवा. आता मात्र मला दैवावर आळ घेववत नाही.

माझ्याकडून कसूर झाली म्हणावं तर तसंही नाही. आई तीन वर्षं अंथरुणावर होत्या, तेव्हापासून निवड मीच करते. मोठे पोटाला आणि बाजाराला, बारके बियाण्याला. चांगला मोठा बटाटा मातीत गाडून वाया घालवल्याचं माझ्या हातून एकदाही झालेलं नाही. शेजारणी म्हणत, काटकसर शिकावी तर हिच्याकडून. धाकटी मात्र कोंबडीच्या अंड्याएवढे बटाटे लावणीला काढते. एकदा मला म्हणाली, "जाऊबाई, तुम्हीही अंड्याएवढे लावून बघा की." मी म्हटलं, "तुझ्या माहेरी चालत असेल ही उधळपट्टी." तेव्हापासून तिचं तोंड बंद आहे. तोंड बंद ठेवणाऱ्या माणसाचे हात काय करतात, ते बघावं लागतं.

तर ते मी पाहिलंय. जानेवारीत एकदा उजाडता उजाडता ती आमच्या ओळींतून बाहेर पडत होती. आमच्या, तिच्या नव्हे. काखेत पाटी, पाटीवर फडकं, फडक्याखालून हिरवा पाला डोकावत होता. विचारलं तर म्हणते, "तण काढत होते." दुसऱ्याच्या शेतातलं तण पहाटे उठून उपटणारी माणसं आता पोथीतसुद्धा सापडायची नाहीत.

शिवाय बियाण्याची खोली. मागची ती अर्धी जमिनीत गेलेली, वाळू पसरलेली खोली. तिची वाटणी होईना म्हणून मधे विटांची ओळ मांडली. डावीकडे आमचं, उजवीकडे त्यांचं, दार एकच. मला संशय होताच, म्हणून गेल्या सप्टेंबरात महिनाभर मी शिवण घेऊन त्या दारात बसले. तुमचे दादा म्हणाले, "काय गं, बटाटे उबवतेस का?" हसू देत. तिला माझ्या बाजूला पाऊल टाकू दिलं नाही. तरी यंदा आजवरचं सगळ्यात वाईट पीक आलं. म्हणजे तिने हात आधीच मारला होता आणि मी रिकाम्या पेटीवर पहारा देत होते.

यांनी तर सांगून टाकलं आहे. पुढच्या खेपेला असंच झालं तर हे बियाणं बंद, त्या तुकड्यात मका. आईंनी शेवटच्या दिवशी माझा हात धरून एकच मागितलं होतं, "बियाणं मरू देऊ नकोस." ते आता एका लावणीवर येऊन ठेपलं आहे.

तुम्ही आईंच्या लेक. तुमच्याशी त्या जे बोलत ते आमच्याशी बोलत नसत. त्यांनी धाकटीला चांगलं बियाणं गुपचूप वेगळं काढून दिलं होतं का? मला राग येणार नाही. खरं काय ते कळवा.

तुमची
वहिनी


९ मार्च

वहिनी,

पत्र पोचलं. मोठ्याने वाचलं नाही. नाहीतरी आमच्याकडे ऐकायला आहे कोण? एक माझा नवरा, तो दवाखान्यातून येऊन वर्तमानपत्रात तोंड घालतो आणि दुसऱ्या आमच्या सासूबाई, त्यांना फक्त स्वतःविषयी बोललेलं ऐकू येतं.

तुम्ही विचारलंत म्हणून देवाला स्मरून सांगते. आईने धाकटीला तुमच्यापेक्षा एक बटाटाही जास्त दिला नाही. चांगला नाही, वाईट नाही, एकही नाही. वाटणीच्या दिवशी मी तिथेच उभी होते आणि तुमचं मोजणं बघून मलाच घाम फुटला होता.

ती तण काढत होते म्हणाली, तर तणच काढत असेल. तिला थोडं सोडून द्या, वहिनी. ती वाईट नाही. अबोल आहे, आणि आपल्या घरात अबोल माणसाला लबाड म्हणायची जुनी खोड आहे. माझ्या लग्नात मी रडले नाही म्हणून मलाही म्हणाले होते.

एक विचारू? आई चालती फिरती होती तेव्हा लावणीला कसले बटाटे काढायची, ते तुम्ही नीट पाहिलं होतं का? पाला हिरवागार असताना ती शेतात जाऊन काही झाडांपाशी काड्या खोचून यायची. मी लहान असताना तिच्याबरोबर काड्यांचा भारा घेऊन जायची. मला शेतीतलं आता काही कळत नाही, आठवलं म्हणून लिहिलं.

दादाला सांगा, मक्याची घाई नको.

तुमची
नणंद


२० ऑगस्ट

वन्सं,

पाच महिने पत्र नाही म्हणून राग मानू नका. तुमच्या पत्राचा विचार करत होते. तुम्ही काड्यांचं विचारलंत. त्या पाखरांना बुजवायला असत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दरवर्षी बघत असे. पण मी विचारलं चोरीचं आणि तुम्ही सांगितलंत काड्यांचं. तुम्हांला उत्तर टाळायचं आहे असं मला वाटलं. वाटलं ते लिहिलं, मनात ठेवून उपयोग नाही.

आता ऐका. या आठवड्यात सडके वेचायला खोली उघडली. आमचं बियाणं सात पाट्या, मोजून आठशे चौसष्ट बटाटे. तुमचे दादा शेतावर गेल्यावर मी कपड्यांची नीळ घट्ट कालवली आणि प्रत्येक बटाट्याच्या नाळेपाशी एक ठिपका दिला. चार दिवस लागले. बोट अजून निळं आहे. सगळे ठिपके खालच्या बाजूला वळवून बटाटे होते तसे मांडले. त्या खोलीत दिवसाही धड दिसत नाही, त्यामुळे उचलणाऱ्याला कळायचं नाही.

यंदा मी पहारा देणार नाही. उलट धाकटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मेलं गुडघ्याचं दुखणं, आता महिनाभर त्या पायऱ्या उतरणं नाही." महिनाभराने पुन्हा मोजीन.

नामस्मरण करता करता ठिपके दिले, म्हणजे त्यात माझ्याकडून पापबुद्धी नको. ही गोष्ट तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक नाही.

तुमची
वहिनी


३० ऑगस्ट

वहिनी,

पत्र आत्ता आलं आणि लगेच लिहिते आहे. हे ठिपक्यांचं काम करू नका. केलं असेल तर पुसून टाका. नीळ बियाण्याला बाधेल की काय कोण जाणे. घरातल्या माणसाला सापळे लावून कोणाचं भलं झालंय?

नाळेपाशी म्हणजे नक्की कुठे लावलीत? सगळ्यांना लावलीत का?

घाईत आहे. गुडघा खरंच दुखत असेल तर शेक घ्या.

तुमची
नणंद


२८ सप्टेंबर

वन्सं,

तुम्हांला ठिपक्याची जागा कशाला हवी होती? तुमचं ते पत्र मी तीनदा वाचलं. गुडघ्याला शेक सांगणारी नणंद मी समजू शकते, पण ठिपका कुठे आहे हे विचारणारी मला समजत नाही. तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात ते मी विचारत नाही. बघते आहे.

सतरा तारखेला मी खोलीत उतरले आणि मोजलं. आठशे चौसष्ट. एक कमी नाही, एक जास्त नाही. क्षणभर मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं, की उगाच एका बाईवर आळ घेतला. मग पाट्यांत भरायला लागले. सात पाट्यांच्या नऊ पाट्या झाल्या.

वन्सं, मी मॅट्रिक झालेली बाई आहे. गणितात मला कोणी फसवू शकत नाही. तेवढेच बटाटे दोन पाट्या जास्त कसे भरतील? एकेक उलटून बघितला. दोनशे एकतीस बटाट्यांना ठिपका नाही. आणि ते सगळे अंड्याएवढे, गोल, तुकतुकीत. माझे ठिपक्याचे दोनशे एकतीस गेले आणि त्यांच्या जागी हे आले.

चोर म्हणजे नेणारा. हा कसला चोर, जो नेतो त्याहून जास्त ठेवतो? दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मग उलगडलं. हे बटाटे वरून गोंडस आणि आतून मेलेले असणार. उकळत्या पाण्यातून काढले असतील, नाहीतर कसली औषधं मारली असतील. लावणीला आम्ही आनंदाने लावायचे, उगवायचं काही नाही, तुकडा मक्याला जायचा, आणि आईंचं बियाणं तिच्या एकटीच्या घरात राहायचं. माझं खरं बियाणं तिच्या बाजूच्या वाळूत दडलेलं असणार.

पण मी तिला वरचढ ठरले. ते बटाटे मी लावणार नाही. फेकायचे तर अन्न आहे, फेकवेना. म्हणून थोडे उकडून आधी देवापुढे ठेवले, मग मी एकटीने खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशीही मी धडधाकट उठले तेव्हा घरात वाढले. आठ दिवस दोन्ही वेळा बटाटा. तुमचे दादा म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी आईच्या वेळची चव आली." आता तळाशी पाच राहिलेत.

लावणी सात नोव्हेंबरला. ती झाली की दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बसवून मी धाकटीला सर्वांसमोर विचारणार. निळी पाटी आणि पांढरी पाटी पुढे ठेवणार. तुम्हीही या.

तुमची
वहिनी


८ ऑक्टोबर

वहिनी,

तुम्ही ते बटाटे खाल्लेत हे वाचून मी हातातलं काम टाकून खाली बसले. आता लपवण्यात अर्थ नाही. आधी हे सगळं वाचा, मग मला काय बोलायचं ते बोला.

धाकटीने ते बटाटे बदलले, हे खरं. पण तिने स्वतःचं चांगलं बियाणं तुमच्या बाजूला ठेवलं आणि तुमचं रोगट उचलून नेलं. हे ती दरवर्षी करत आली. फक्त गेल्या वर्षी जमलं नाही, कारण तुम्ही दारात शिवण घेऊन बसलात. यंदा फेब्रुवारीत तुमचं पीक का बुडालं, ते आता तुमचं तुम्हीच जुळवा.

आई अंथरुणावर पडली आणि निवड तुमच्या हातात आली. त्या पहिल्याच वर्षी मी भेटायला आले होते. तुम्ही बारक्या बटाट्यांची पाटी तिच्यापुढे कौतुकाने आणलीत, "बघा आई, एकही मोठा वाया घालवला नाही." ती हसून छान म्हणाली. तुम्ही आत गेल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "रोगट झाडाला बारके बटाटे येतात गं. ही नेमका रोगच वेचून बियाण्याला ठेवते आहे." म्हणूनच ती पाला हिरवा असताना ठणठणीत झाडं हेरायची आणि त्यांना काड्या खोचायची. काढणीला ती झाडं आधी खणायची आणि त्यांचेच मधले बटाटे बियाण्याला ठेवायची. पाला वाळला की कुठलं झाड चांगलं होतं ते कोणाला कळणार? काड्या पाखरांसाठी नव्हत्या, वहिनी.

मी म्हटलं, सांग ना तिला. तर म्हणाली, "माझं हगणंमुतणं ती काढते. तिच्या कामात मी खोट काढू? जीभ झडेल माझी." मग तिने धाकटीला बोलावलं आणि मला साक्षीला ठेवून तिच्याकडून वचन घेतलं, की थोरलीला न दुखवता सांभाळून घ्यायचं. ठिपक्यांचं कळल्यावर मी धाकटीला थांब म्हणून लिहिलं, पण माझं पत्र पोचायच्या आधीच तिचं काम झालं होतं. त्यावर तिने मला लिहिलेलं पत्र सोबत जोडते आहे. ते तिच्या परवानगीशिवाय पाठवते आहे.

तुमची
नणंद

(सोबतचं पत्र)

१२ सप्टेंबर

ताई,

तुमचं पत्र मिळालं पण उशीर झाला. मी चार तारखेलाच बदलून ठेवले. ठिपके मला दिसले नाहीत, अंधारात मी हातानेच चाचपून बारके काढते. आता उजेडात नेऊन पाहिलं तर माझ्या पाटीत सगळ्यांच्या बुडाला निळी टिकली. आधी घाबरले, मग हसू आलं. आठशे बटाट्यांना टिकल्या लावत बसल्या असतील एकट्या.

ताई, मला आता हे नको झालंय. माझ्याकडचं दोनशे बियाणं गेलं की माझ्या दहा ओळी कमी होतात. यांना सांगते, सडले. जानेवारीत जाऊबाईंच्या ओळींतली वळलेल्या पानांची झाडं उपटायला गेले तर त्यांनी पकडलं. तण म्हणाले. तोंडावर चोर म्हणाल्या नाहीत एवढंच. बाजारात भेटलं की पिशवीत डोकावतात माझ्या.

सासूबाईंना बरं होतं, त्या वचन घेऊन गेल्या. त्यांना चार वर्षं या भिंतीशेजारी राहायचं नव्हतं. तुम्हीच सांगून टाका ना एकदा. मी सांगितलं तर टोमणा वाटतो.

धाकटी


१७ ऑक्टोबर

वन्सं,

दोन्ही पत्रं वाचली.

तीन वर्षं मी त्यांचं अंथरूण धुतलं, तोंडात घास घातला, रोज सकाळी त्यांना ऐकू जाईल अशी पोथी वाचली. तेवढ्या वेळात त्यांना मला एक वाक्य सांगता आलं नाही? "अगं, बारके लावू नकोस." चार शब्द आहेत. मी दुखावले असते, दोन दिवस भांडी आपटली असती, तिसऱ्या दिवशी मोठे लावले असते. त्यापेक्षा हे बरं झालं का? शेजारणींच्या तोंडून काटकसरीचं कौतुक ऐकत मी सात वर्षं स्वतःच्या हाताने रोग निवडत बसले, आणि तुम्ही तिघी मला सांभाळून घेत होता. वेड्या माणसाला सांभाळतात तसं.

आणि तुम्ही. देवाला स्मरून लिहिलंत, एक बटाटाही जास्त दिला नाही. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. अशी वाक्यं वकील बोलतात.

हे सगळं मी मानलं असं समजू नका. धाकटीचं पत्र तिचंच, हे अक्षरावरून दिसतं. पण पत्रात माणूस स्वतःला हवा तसा लिहितो, ते मला ठाऊक आहे. चार वर्षं कोणी फुकट कोणाचं भलं करत नाही. मला काय माहीत, तिला माझ्यावर उपकार करण्याची गोडी लागली असेल. मला काय माहीत, तुम्ही दोघींनी मिळून ही गोष्ट रचली असेल, वडीलधाऱ्यांपुढे नाव जाऊ नये म्हणून.

त्यामुळे मी माझ्या डोळ्यांनी बघणार आहे. ते पाच बिनठिपक्याचे राहिलेत, मी सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत एका ताटलीत ते ठेवलेत आणि दुसऱ्या ताटलीत माझे पाच निळे. जुने मोड सगळ्यांचे खुडून टाकले. ऊन सारखं, वारा सारखा. मधे कोणाला हात लावू देणार नाही. बटाट्याला कोणाची भीड नसते.

तोवर मला लिहू नका.

वहिनी


२९ ऑक्टोबर

धाकटे,

आपल्या भिंतीला खिडकी नाही, म्हणून ही चिठ्ठी दाराच्या फटीतून सरकवते आहे. वाचलीस की उत्तर लिहून तशीच परत सरकव. तोंडाने बोलायला गेले तर मी भलतंच बोलेन.

वन्संनी तुझं पत्र मला पाठवलं. तुला न विचारता पाठवलं, तो जाब तू त्यांना विचार.

बारा दिवस खिडकीत दोन ताटल्या ठेवल्या होत्या. तुझ्या पाचांना करंगळीच्या टोकाएवढे जाड, ठेंगणे मोड आले. माझ्या निळ्यांपैकी तिघांना केसासारखे मोड आले, फुंकर मारली तर हलतात. दोघांना काहीच नाही. मग मी पाटीतले आणखी चाळीस काढून बघितले. तेच. यांना दाखवलं. हे म्हणाले, "मका लावू या."

तर झालं ते असं. तू ठेवलेल्या दोनशे एकतीस बटाट्यांपैकी दोनशे सव्वीस आम्ही उकडून खाल्ले. माझं राहिलेलं सगळं बियाणं मी काल शिजवून गुरांपुढे टाकलं. सहाशे तेहतीस होते. लावणीला नऊ दिवस आहेत आणि माझ्या घरात पाच बटाटे आहेत.

मला तुझ्याकडून बियाणं हवं आहे. एक पाटी दिलीस तरी चालेल. नाही दिलंस तरी मी समजून घेईन, असं लिहिणार होते, पण मी समजून घेणार नाही, म्हणून लिहीत नाही.

तुला चोर समजले. बाजारात तुझ्या पिशवीत डोकावले, तेही खरं. त्याबद्दल मी देवापुढे बोलले आहे, आता तुझ्यापुढे बोलते आहे. चुकलं माझं.

एकच विचारते आणि खरं सांग. हे तू आईंच्या वचनासाठी केलंस की माझी कीव आली म्हणून? वचनासाठी असेल तर ते आता फिटलं. कीव असेल तर मला पाटी नको.

थोरली


(त्याच कागदाच्या मागे)

जाऊबाई,

दोन्ही नाही. वचन पहिल्या वर्षीच जड झालं होतं, आणि तुमची कीव करायची कोणाची छाती आहे?

पानं वळवणारा रोग मावा, ती बारकी कीड, पसरवते आणि मावा आपली भिंत बघत नाही. तुमच्या बेचाळीस ओळी रोगट राहिल्या असत्या तर दोन वर्षांत माझ्याही तशाच झाल्या असत्या. मी तुमच्या शेतात शिरले ती माझं शेत वाचवायला. तुमच्या पाटीत चांगले बटाटे ठेवले तेही त्याचसाठी. स्वार्थ होता म्हटल्यावर तरी तुमचा विश्वास बसेल. वन्सं मला उगाच देवी करून ठेवतात.

तीन पाट्या बियाणं देते, नऊ ओळींपुरतं. जास्त नाही देता येणार, माझ्याही दहा ओळी यंदा कमीच आहेत. तुमच्या बाकीच्या तेहतीस ओळींत मोठ्या भाऊजींना मका लावू द्या. मागचे मातीत राहिलेले बटाटे मक्यात उगवतील, ते दिसतील तसे उपटून टाका, दया करू नका. म्हणजे भाऊजींचा मकाही होईल आणि बियाणंही राहील. जानेवारीत झाडं कशी हेरायची ते मी दाखवते. पण तुम्ही बोलायचं नाही, मी बोलायचं. चार वर्षांचं साठलंय.

पाट्या न्यायला माणूस पाठवू नका, तुम्हीच या. भिंत घातल्यापासून तुम्ही आमच्याकडे पाऊल टाकलेलं नाही. आमची चूल कुठल्या कोपऱ्यात आहे तेही तुम्हांला माहीत नाही, आणि तिच्यावर काय शिजतंय याची मात्र तुम्हांला खात्री असते. आधी ती बघून जा.

धाकटी